चुळबुळ्या मुलांची डॉक्टरीणबाई

माँटेसरी हे कुणा बाईंचं आडनाव आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानातही नसतं. आपल्याकडे ते शाळेच्या पाटीवर राहतं. कुठल्याही गावात जा. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीच्या गजांना निळा रंग, भिंतीवर एक हत्ती नि एक जोकर, आणि वर पाटी : अमुक-तमुक माँटेसरी. आत डोकवावं तर तीन-साडेतीन वर्षांची पोरं हाताची घडी, तोंडावर बोट अशी ओळीनं बसलेली. ज्या बाईंनी मुलांची ही घडी सोडवण्यात आपलं आयुष्य घालवलं, त्यांचंच नाव दारावर लावून आपण आत घडी घालायला शिकवतो. बाईंच्या चरित्राकडे पुन्हा एकदा नीट पाहावं असं मला वाटलं, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण घरातलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू तिसरीत आहे. पोरगं बोलकं, तरतरीत. पण वर्गात दहा मिनिटं जागेवर ठरत नाही. पेन्सिली हरवतात, डबा शाळेत राहतो, तीन गणितं बरोबर सोडवून चौथं अर्ध्यावर टाकलेलं असतं. डॉक्टरांनी रीतसर तपासून निदान केलं : एडीएचडी. अवधान टिकत नाही, चंचलता आवरत नाही, अशी ही अवस्था. निदानाचा कागद हाती आला म्हणजे शाळा सांभाळून घेईल, अशी घरच्यांची समजूत. शाळेनं आईवडिलांना बोलावलं आणि याच्यासाठी दुसरी शाळा बघितलेली बरी, असा गोड शब्दांत सल्ला दिला. त्या रात्री बहिणीचा फोन आला. दादानं बँकेत जन्मभर पत्रव्यवहार केला, तर आता एक अर्ज आमच्यासाठीही लिहावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. अर्जाचं पुढे काय झालं ते सांगेनच. पण तो लिहायला बसलो आणि माझ्या मनात शंभर वर्षांपूर्वीची ही इटालियन डॉक्टरीणबाई येऊन बसली, ती काही उठेना.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७०चा, इटलीतल्या किआराव्हाल्ले या लहानशा गावातला. वडील सरकारी अर्थखात्यात नोकरीला, शिस्तीचे, जुन्या वळणाचे. आई वाचणारी, मुलीच्या बाजूनं उभी राहणारी. पुढे कुटुंब रोमला आलं. मुलीनं शिक्षिका व्हावं असं वडिलांना वाटे. मुलीनं मात्र तांत्रिक शाळेत नाव घातलं, कारण तिला इंजिनीअर व्हायचं होतं. मग तेही बाजूला ठेवून तिनं वैद्यकशास्त्र धरलं. रोमच्या विद्यापीठात मुलांच्या घोळक्यात एकटी मुलगी. पुरुषांच्या बरोबरीनं तिनं शवविच्छेदन करणं समाजाला रुचणारं नव्हतं, म्हणून संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर ती एकटी प्रेतांसमोर उभी राहून अभ्यास करी. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या मोजक्या स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना बाईंना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथं मोठ्या माणसांबरोबर लहान मुलंही कोंडलेली असत. त्या काळी ज्यांना मतिमंद म्हणत, अशी ही मुलं. त्यांच्या चरित्रांत एक हकीकत हमखास येते. जेवण झाल्यावर ही मुलं जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचायला झेपावत आणि देखरेख करणारीला त्यांची किळस येई. बाईंनी त्या उघड्याबोडक्या खोलीत नजर फिरवली. मुलांच्या हाताला लागेल अशी दुसरी एक वस्तू तिथं नव्हती. पोट भरलेलं होतं. उपाशी होते ते हात. बाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या एका निरीक्षणात आहे, असं मला वाटतं.

मग त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले. फ्रान्समधल्या आव्हेरॉनच्या जंगलात सापडलेल्या मुलाला शिकवण्यासाठी १८०१पासून झटणारे डॉक्टर इतार आणि त्यांचे शिष्य एदुआर सेगँ हे त्यांचे गुरू झाले. सेगँनी मतिमंद मुलांसाठी हाताळायची साधनं तयार केली होती, स्नायूंच्या मार्गानं बुद्धीपर्यंत जाण्याची वाट आखली होती. बाईंनी या दोघांचे ग्रंथ इटालियनमध्ये स्वहस्ते उतरवून काढले. शब्द न् शब्द सावकाश कळावा म्हणून. आम्हा बँकेतल्या जुन्या माणसांना याचा अर्थ समजेल. हातानं खतावणी लिहिणाऱ्याला जे खातं कळतं, ते छापील तक्ता चाळणाऱ्याला कळत नाही.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था निघाली आणि डॉ. ज्युसेप्पे माँतेसानो यांच्याबरोबर बाई तिच्या संचालक झाल्या. दिवसभर मुलांबरोबर, रात्री टिपणं. त्यांतली काही मुलं लिहावाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांबरोबर परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या. बाई मात्र अस्वस्थ झाल्या. ज्यांना सगळ्यांनी टाकून दिलं होतं ती मुलं इथवर येतात, तर मग धडधाकट मुलांना शाळा इतक्या खालच्या पायरीवर का अडकवून ठेवते, हा प्रश्न त्यांना सोडेना.

नेमक्या याच सुमारास, १९०२ साली, लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाचे बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांपुढे तीन व्याख्यानं देत होते. बुद्धीनं कमी नाहीत, पण स्वतःला आवरू शकत नाहीत, एका गोष्टीवर टिकत नाहीत, अशी काही मुलं त्यांनी पाहिली होती. त्यांनी तिला नैतिक संयमाची उणीव म्हटलं. आज आपण ज्याला एडीएचडी म्हणतो त्याची ही वैद्यकातली एक आरंभीची नोंद मानतात. स्टिल आणि माँटेसरी कधी भेटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण मला त्या दोघांना शेजारी ठेवून पाहावंसं वाटतं. स्टिल यांनी मुलाच्या आत पाहिलं. तिथं काही वेगळं आहे, हा वाईट वळणाचा प्रश्न नाही, हे त्यांना दिसलं. बाईंनी मुलाच्या भोवती पाहिलं : खोली, बाक, हातात काय आहे, समोर कोण उभं आहे. आपल्या आजच्या शाळेला दोघांचीही गरज आहे.

बाईंच्या कीर्तीची कथा सुरू होते ती मात्र एका बुडालेल्या धंद्यापासून. १८८०च्या दशकात रोममध्ये बांधकामाचा फुगा फुगला आणि दशक संपता संपता फुटला. सान लोरेंझो या वस्तीत अर्धवट इमारती तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांत गोरगरीब शिरले. पुढे एका गृहनिर्माण संस्थेनं त्या ताब्यात घेऊन दुरुस्त केल्या. कामकरी कुटुंबं भाड्यानं आली. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करीत. संस्थेचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी हिशेब केला, की दुरुस्तीपेक्षा पोरं सांभाळायला माणूस ठेवणं परवडेल. त्यांनी बाईंना विचारलं. ६ जानेवारी १९०७ रोजी एका खोलीत पन्नासेक मुलांचं बालगृह सुरू झालं. जगातल्या एवढ्या मोठ्या शैक्षणिक चळवळीचा जन्म इमारतीच्या देखभाल-खर्चाच्या रकान्यातून झाला, याची मला निवृत्त बँकवाला म्हणून मौज वाटते.

शिक्षिका म्हणून ठेवलेल्या तरुणीला शिकवण्याचं प्रशिक्षण नव्हतं. बाईंना ते सोयीचंच होतं. त्यांनी साधनं दिली आणि पाहत राहिल्या. एका लाकडी ठोकळ्यात दहा भोकं, त्यांत बसणाऱ्या कमी-जास्त जाडीच्या दहा दट्ट्या. तीनेक वर्षांची एक मुलगी त्या काढत होती, बसवत होती. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. मुलगी हलली नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तर तिनं ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवलं. चाळिसाहून अधिक वेळा तिनं तो खेळ केला आणि मग स्वप्नातून जागं व्हावं तशी प्रसन्न होऊन थांबली. लहान मुलाचं लक्ष पाखरासारखं भिरभिरतं, अशी त्या काळच्या शिक्षणशास्त्राची समजूत. इथं एक लहानगी कुणी न सांगता, बक्षिसाच्या आशेवाचून, समाधी लावून बसली होती.

बाईंनी यातून जे शिकून घेतलं ते अगदी व्यवहारी होतं. ठोकळ्यात चूक झाली तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि भोक भरत नाही. चूक मुलाला वस्तूच सांगते, बाईंनी डोळे वटारायची गरज पडत नाही. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅश टॅली होत नसे, तेव्हा साहेबाच्या रागापेक्षा तो न जुळणारा आकडाच कॅशियरला जास्त शिकवून जाई. तसंच हे. एका साधनात एकच अडचण. बाकी सगळं सारखं. अक्षरं खरखरीत कागदाची, बोटानं गिरवायची. सुट्टा मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची कांडी, शंभराची चौकट, हजाराचा घन. दहा सुटे दिले की एक कांडी मिळते. या देवाणघेवाणीच्या खेळाला माँटेसरी वर्गात बँकच म्हणतात. काम चटईवर मांडायचं, म्हणजे आपल्या कामाची हद्द डोळ्यांना दिसते. फर्निचर हलकं, मुलाला स्वतः उचलता येईल असं. हिंडायला परवानगी, दुसऱ्याच्या कामात लुडबूड करायला मनाई.

बाकांवर त्यांचा विशेष राग होता. त्या काळच्या विद्वानांनी मुलांचा कणा वाकू नये म्हणून नाना तऱ्हांची शास्त्रीय बाकं तयार केली होती. बाईंचं म्हणणं असं, की जी गोष्ट कणा वाकवते तिला सुधारत बसण्यापेक्षा मुलाला उठू का देत नाही? १९०९ साली त्यांनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला, १९१२ साली तो इंग्रजीत आला आणि नाव जगभर झालं. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला होता. बाहेर लोक गर्दी करून पाहताहेत आणि आत मुलं आपापल्या कामात.

हे सगळं सांगताना बाईंना देवीच्या मखरात बसवायचं नाही. डॉ. माँतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ साली मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. अविवाहित आईला डॉक्टर म्हणून उभं राहू देणारा तो समाज नव्हता. मूल खेड्यात दुसऱ्यांकडे वाढलं आणि पंधरा वर्षांचं होईपर्यंत आईपासून दूर राहिलं. जगाच्या मुलांकडे तासन् तास पाहत बसलेल्या या बाईंना स्वतःच्या मुलाचं बालपण पाहता आलं नाही. पुढे तो जवळ आला, त्यांचा उजवा हात झाला. पण चारचौघांत पुतण्या किंवा मानलेला मुलगा म्हणून. मुसोलिनीचा आश्रय त्यांनी १९२०च्या दशकात घेतला, हेही खरं. १९३०च्या दशकात तो तुटला आणि त्यांना देश सोडावा लागला.

मग आपला देश या कथेत येतो. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी आणि बाई भेटले होते. गांधीजींची आस एकच, की हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांपुरतं न राहता कंगालांच्या मुलांना मिळावं. १९३९ साली बाई मारिओसह मद्रासच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून शिक्षकांचा वर्ग घ्यायला आल्या. वय एकोणसत्तर. १९४०च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बाईंना अड्यारच्या आवारात राहण्याची सक्ती झाली आणि मारिओची रवानगी आपल्या अहमदनगरच्या छावणीत. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४०ला, सरकारनं त्याला सोडलं. व्हाइसरॉयच्या तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा होता, असं चरित्रकार सांगतात. जे आईला चाळीस वर्षं उघड म्हणता आलं नाही, ते एका सरकारी तारेनं म्हटलं. त्यानंतर कोडाईकनाल, अहमदाबाद, सिलोन असं हिंडत बाईंनी शेकडो भारतीय शिक्षक तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधल्या नोर्डवाइक इथं त्यांनी देह ठेवला.

आता माझ्या बहिणीच्या नातवाकडे येतो, कारण त्याच्यापाशी बाईंचं शास्त्र एका जागी अडतं. योग्य काम मिळालं की मुलाचा सैरभैरपणा गळून पडतो आणि मूल स्थिर होतं, असं बाई मानत. मुलाची चंचलता म्हणजे वातावरणानं निर्माण केलेली विकृती, असा त्यांचा कल होता. बहुतेक मुलांच्या बाबतीत यात पुष्कळ तथ्य आहे. पण आज वैद्यकशास्त्र सांगतं, की एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आईच्या लाडामुळे किंवा शिक्षिकेच्या आळसामुळे ती होत नाही. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना एका औषधानं अशा मुलांचं अभ्यासातलं लक्ष सुधारताना दिसलं आणि तेव्हापासून औषधोपचारांची वाट उघडली. आज पुष्कळ मुलांना योग्य देखरेखीखाली त्याचा उपयोग होतो. तेव्हा लाकडी दट्ट्यांनी हे मूल बरं होईल असं कुणी सांगितलं, तर मी बाईंचं नाव घेऊनच त्यांना हात जोडीन. आईला दोष देणारं कुठलंही शास्त्र मला नको आहे.

तरीही बाई उरतातच. कारण औषध मुलाला जागेवर थोडा वेळ टिकू देईल. त्या जागेवर काय आहे, हे औषध ठरवत नाही. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभरातल्या साधारण पाच मुलांना ही अवस्था असते. साठांच्या वर्गात तीन. त्यांतलं एक बाकावरून उड्या मारतं म्हणून दिसतं. दुसरी एखादी मुलगी खिडकीबाहेर पाहत गप्प बसते आणि कुणालाच दिसत नाही. तिला स्वप्नाळू म्हणून सोडून देतात. या तिघांसाठी तज्ज्ञ आज जे सुचवतात ते ऐकलं की सान लोरेंझोची खोली आठवते. मूल शिक्षकांच्या जवळ बसवा. एका वेळी एकच सूचना, थोडक्यात. वीस गणितांचं पान देऊ नका. पाच-पाचाचे चार कागद द्या. चूक-बरोबर लगेच कळू द्या, आठ दिवसांनी वही तपासून नव्हे. नीट केलेल्या कामाची त्याच घटकेला दखल घ्या. मधूनमधून उठू द्या : फळा पुसायला, वह्या वाटायला, खडू आणायला. परीक्षेत शांत जागा द्या. यांतल्या कशालाही परदेशी साधन लागत नाही.

मी लिहिलेल्या अर्जात हेच सात-आठ मुद्दे होते आणि शेवटी नम्रपणे शिक्षण हक्क कायदा, २००९ची आठवण दिली होती. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येत नाही, असं तो कायदा म्हणतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. त्यामुळे अशा मुलांच्या आईबापांना दारोदार समजावत फिरावं लागतं. शाळेनं अर्ज ठेवून घेतला. मुलगा त्याच शाळेत राहिला. वर्गशिक्षिका नवी आली, तरुण आहे. तिनं त्याला दुसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसवलं आणि वह्या वाटण्याचं काम त्याच्याकडे दिलं. पेन्सिली अजून हरवतात. परवा मात्र त्यानं पाच गणितं पुरी केली, हे सांगायला बहिणीनं मुद्दाम फोन केला. एवढ्याशा गोष्टीसाठी फोन का, हे ज्याच्या घरात असं मूल आहे त्यालाच कळेल.

गांधीजींच्या मनात होतं त्याचं उत्तर महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी दिलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या मुंबईला आल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार काढला, १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसरीची महागडी साधनं त्यांनी बाजूला ठेवली आणि शंख, शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी घेतली. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जात, शाळेत बसायला त्यांना सवड नव्हती, तर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरत, मुलं त्यांच्यामागे हिंडत आणि हिंडता हिंडता शिकत.

माँटेसरीबाई ते कुरण पाहायला हयात नव्हत्या. पण मला वाटतं, दारावर आपल्या नावाची पाटी लावलेल्या आणि आत हाताची घडी घालून बसलेल्या वर्गांपेक्षा कोसबाडच्या त्या माळरानावर त्यांना आपलं काम लगेच ओळखता आलं असतं. दर जूनमध्ये नव्या वर्गात एक तरी मूल असं येतं, की जे बाकावर ठरत नाही. शिक्षकांनी त्याला पहिले आठ दिवस काहीही न म्हणता नुसतं पाहावं : कशाजवळ गेल्यावर ते थांबतं, कोणती वस्तू हातात आली की त्याचे पाय शांत होतात. रोमच्या त्या खोलीत बाईंनीही सुरुवात तेवढ्यानंच केली होती.